खाऱ्या पाण्यातली पोरं

आबा,

तुमचं तेरावं होऊन पाच दिवस झाले. गावाहून आलेली माणसं परवा गेली. निघताना तुमचा पुतण्या वसंत मागच्या दारी गेला आणि तिथली चार निळी पिंपं बघून म्हणाला, "वहिनी, हा पसारा आता कोणाला देणार?" मी म्हटलं, "कोणाला कशाला देऊ? आत जीव आहेत." त्याने वाकून पाहिलं. हिरवट पाण्यात तांदळाच्या दाण्याएवढे झिंगे उताणे पोहत होते, नेहमीसारखे. त्याला काही ते जीव वाटले नसावेत. त्याने चप्पल घातली आणि बॅग उचलली.

शेजारच्या काकू मात्र बराच वेळ बसल्या. म्हणाल्या, "सुटलीस गं एकदाची. नवऱ्याचा पत्ता नाही आणि सासऱ्याचं करत बसली होतीस." बाई मनाने वाईट नाहीत. मी चहा केला, त्यांना दिला, मीही घेतला. सांगणार तरी काय होते? सासरा आणि सून एका घरात सहा वर्षं राहिली आणि ज्याच्यामुळे ती एकमेकांची कोणी लागत होती तो माणूसच मध्ये नव्हता, हे समजावून सांगायला मला शब्द सापडत नाहीत. तुम्हाला सापडले असते. तुम्ही मालवणीत एक शिवी घातली असतीत आणि विषय संपला असता.

तुम्ही मुलुंडला आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. गिरणी बंद पडून वर्ष उलटलं होतं. परळच्या खोलीत सासूबाई गेल्यापासून तुम्ही एकटेच होतात. मोहन बोटीवर. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यातले जेमतेम पाच महिने नवरा घरात होता. ट्रंक आणि वळकटी घेऊन तुम्ही दारात उभे राहिलात आणि समोर बघितलंत, तर भिंतीला लागून चार फुटी काचेची टाकी, वर ट्यूबलाइट, आत बुडबुडे आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे.

"ह्या काय गो?"

"समुद्रातले मासे आहेत. ह्यांना हौस आहे."

"खावचे?"

"नाही आबा, बघायचे."

तुम्ही ट्रंक खाली ठेवलीत. "मासो खावचो असता, बघूचो नसता," म्हणालात आणि पाय धुवायला मोरीत गेलात. पुढचा महिनाभर टाकीकडे पाठ करून जेवलात.

खरं सांगते, मलाही त्या माशांचं फारसं प्रेम नव्हतं. हौस मोहनची. रजेवर आला की मढला जाऊन प्लास्टिकच्या कॅनमधून समुद्राचं पाणी आणायचा, ते निवळायचा, गाळायचा. मासे कुठूनसे मिळवलेले. ते कोरड्या खाण्याला तोंड लावत नसत, त्यांना जिवंत खाणं लागे. त्यासाठी मोहनने परदेशातून एक डबा आणला होता. त्यात तपकिरीसारखी भुकटी. ती भुकटी म्हणजे अंडी, हे मला आधी खोटंच वाटलं. बाटली उलटी टांगायची, मिठाच्या पाण्यात चिमूटभर अंडी सोडायची, बारीक नळीने खालून हवा द्यायची. दीड दिवसाने पाण्यात नारिंगी ठिपके नाचायला लागतात. ब्राइन श्रिम्प म्हणायचे त्यांना. मोहनने मला एकदा करून दाखवलं आणि बोटीवर निघून गेला. बायकोला करायला काहीतरी काम ठेवून गेला, असं मला तेव्हा वाटे आणि त्याचं बरंही वाटे.

पावसाळ्यात डबा सादळला. दिवाळी झाली आणि एकही अंडं फुटेना. मी मोहनला पत्र टाकलं, पण बोटीवरचं पत्र कुठल्या बंदरात कधी पोचेल त्याचा भरवसा नसे. कोळंबी बारीक चिरून टाकली तर मासे ती तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे. त्यांची पोटं खपाटीला गेली. मोहन आला आणि टाकी रिकामी दिसली तर तो काय म्हणेल, ह्या भीतीने मी एक दिवस टाकीसमोर बसून रडले. तुम्ही पेपर वाचत होतात. डोकं वर केलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर तुम्ही घरात नव्हतात. जेवण झाकलेलं तसंच होतं. अंधार पडायच्या सुमाराला आलात, पायाला गुडघ्यापर्यंत पांढरा चिखल आणि हातात तुमचा चहाचा थर्मास. तो माझ्यापुढे धरलात. "बघ."

आत लालसर पाणी होतं आणि पाण्यात काहीतरी वळवळत होतं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई, रोज मुलांना बेडूक नि झुरळं दाखवणारी, तरी मला ओळखू येईना.

"मिठागरावर गेललंय," तुम्ही म्हणालात. "आमच्या शिरोड्याक ढिगान असायची. लहानपणी पायाक गुदगुल्या करीत. तुझ्या त्या डब्यातली पोरां मोठी झाली की अशीच दिसतत काय, ता बघूक गेलंय."

म्हणजे तुम्ही टाकीकडे पाठ करून बसत होतात, पण बघत सगळं होतात.

आपण त्यातले थोडे टाकीत सोडले. दोन्ही मासे दगडाआडून बाहेर आले आणि एका दमात सगळं फस्त झालं. तुम्ही काचेला नाक लावून उभे होतात. "हावरे मेले," म्हणालात. तुमच्या तोंडावर हसू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिथून पुढे घर बदललं. मागच्या दारी झिंग्यांसाठी एक पिंप आलं, मग दुसरं. तुम्ही खारटपणा मोजायचा हायड्रोमीटर वगैरे मानत नव्हतात. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचात आणि सांगायचात, एक मूठ मीठ कमी. मी शाळेतला हायड्रोमीटर आणून तपासलं, तर तुमची जीभ दर वेळी बरोबर. तांदळाचा कोंडा भिजवून, तुमच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून झिंग्यांना घालायचा हा शोधही तुमचाच. पाणी गढूळ दिसेल इतकंच घालायचं, निवळलं की परत. एकदा मी शाळेच्या घाईत वाटीभर ओतून गेले. दुपारपर्यंत पाण्याला घाण वास सुटला आणि पिंपभर झिंगे मेले. मी घाबरून तुमच्याकडे बघत राहिले. माझ्या माहेरी एवढ्यावरून दोन दिवस बोलणी बसली असती. तुम्ही पिंप आडवं करून पाणी ओतून दिलंत, थर्मास उचललात आणि मिठागराच्या वाटेला लागलात. आबा, कोणी न रागावण्याची मला सवय नव्हती.

आणि तो तुमचा प्रश्न, "पोरांक जेवाण घातलंस काय?" पहिल्यांदा विचारलात तेव्हा मी उठून आत निघून गेले. शेजारच्या बायका 'पाळणा कधी?' विचारून विचारून थकलेल्या. तुमच्या लक्षात आलं असावं, कारण पुढचे चार दिवस तुम्ही "झिंग्यांक" म्हणत राहिलात. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, "पोरांना घातलं हो, आबा." मग तोच शब्द राहिला.

मोहन त्या उन्हाळ्यात आला. पिंपं बघून खूश झाला, तुमच्या पाठीवर थाप मारली. तुम्हाला बापलेकांत ते फारसं आवडलं नाही, पण चेहरा फुलला होता. पुढच्या वर्षी तो पंधराच दिवस आला. त्याच्या पुढच्या वर्षी आलाच नाही. पत्रं आखडली, मग थांबली. मी कंपनीच्या ऑफिसात जाऊन विचारायचं म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "जाव नको. बोटीवरच्या माणसाचा असाच असता." मी तुमचं ऐकलं. तुम्ही त्या दिवसांत मिठागरावर जास्त जायला लागलात. सकाळी जायचात ते दुपार टळून गेल्यावर यायचात. मला वाटायचं, माणसाला एक नाद लागला, बरं झालं.

मला कळलं ते घाटकोपरच्या बाजारात. आईकडे गेले होते. मोहनच्या बोटीवरच्या एका सहकाऱ्याची बायको भाजी घेत होती. तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "तुझी कमाल आहे हं. मी असते तर त्या घरात राहिले नसते." मला काही समजेना. मग तिलाच समजलं की मला माहीत नाही आणि तिचं तोंड असं झालं की मी अजून विसरलेले नाही.

मी तडक घरी आले. तुम्ही मागच्या दारी फडकं पिळत होतात.

"आबा, मोहनचं काय आहे?"

तुम्ही पिळता पिळता थांबलात. कोंड्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. आत गेलात, ट्रंक उघडलीत आणि तळातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पत्र काढून माझ्या हातात दिलंत. आठ महिन्यांपूर्वीचं होतं. तुमच्या नावाने. परदेशातल्या एका बंदरात त्याने दुसरा संसार मांडला होता, वर्षाचा मुलगा होता, तो आता परत येणार नव्हता. खाली लिहिलं होतं, "सुमनला तुम्हीच सांगा, मला धीर होत नाही."

"आठ महिने?" मी म्हटलं.

"माका सांगूक जमूक नाय."

"रोज माझ्या हातचं जेवत होतात. मी त्याच्या पत्राची वाट बघतेय हे बघत होतात. माझं आयुष्य आहे ते, आबा! तुमचं नाही!"

तुम्ही उंबऱ्यावर बसलात. खाली बघत म्हणालात, "तू गेलं असतंस. मगे मी खंय जाव?"

मला दुसरं काहीही चाललं असतं. मुलाची बाजू घेतली असतीत, माझं मन दुखू नये म्हणून लपवलं असं खोटं सांगितलं असतंत, तरी मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. पण तुम्ही जे खरं होतं तेच बोललात आणि ते नुसतं तुमच्यापुरतं होतं. मी पिशवीत चार साड्या कोंबल्या आणि घाटकोपरला निघून गेले.

बावीस दिवस माहेरी राहिले आणि परत आले. तुम्ही दार उघडलंत. दाढी वाढलेली, गळ्याची हाडं दिसत होती. स्वयंपाकघरात बघितलं तर पावाचे कागद आणि चहाची भांडी, दुसरं काही नाही. टाकी मात्र झकास होती. काच पुसलेली, मासे गुबगुबीत, चारही पिंपं भरलेली. मी पदर खोचला आणि भात टाकला. तुम्ही ताटावर बसलात. त्यानंतरचे चार महिने जवळजवळ अबोल्यातच गेले. "मीठ संपलंय." "कोंडा आणलाय." एवढंच.

मधल्या काळात एकदा तुम्ही मला एक पत्र दिलंत, पाकीट उघडंच. "वाच आणि टाक पोस्टाच्या पेटीत." तुमचं ते गिरणीतल्या रजेच्या अर्जासारखं अक्षर. मोहनला चार ओळी लिहिल्या होत्या. सुमन ह्या घरात आहे आणि ती म्हणेल तोवर राहील. तू आमच्याकडे येऊ नयेस. माझ्या मरणाला येऊ नयेस. मी ते वाचलं, पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. तुम्हाला बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही.

मग तो एप्रिलमधला रविवार. दुपारी बारालाच वीज गेली. आधी काही वाटलं नाही. दोन वाजले तसे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. पंप बंद म्हणजे पाण्यात हवा नाही. तुम्ही तांब्या घेतलात, टाकीतलं पाणी भरून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतायला लागलात. अर्ध्या तासाने तुम्ही तांब्या निम्माच भरायला लागलात तेव्हा मी तो काढून घेतला. मग तुम्ही, मग मी. घामाने भिजलो. दिवेलागण झाली तरी वीज नाही. नुसतं ओतत राहायचं, म्हणून बोलणं निघालं. तुम्ही तुमच्या आईचं सांगितलंत. मिठागरात दिवसभर उभी राहून तिच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडत आणि त्यात मीठ शिरे. ती रडत नसे, पण चुलीपाशी बसली की पाय तुमच्या मांडीवर ठेवायची आणि तुम्ही त्यांना खोबरेल लावायचात. "ती गेली तेव्हा मी मुंबैत होतंय," तुम्ही म्हणालात. "माका तीन दिवसांनी कळला."

मी तांब्या भरून घेतला. तुम्ही टाकीकडे बघत म्हणालात, "चुकला माझा, सुमन. तुका तेव्हाच सांगूक होया होता."

मी ओतत राहिले. तेवढ्यात वीज आली, पंप गुरगुरला आणि तुम्ही "इली बाबा एकदाची" म्हणून खुर्चीत बसलात. मला बोलायला जागा होती आबा, मीच ती घेतली नाही. मनात मी केव्हाच माफ केलं होतं. पण तोंडाने म्हणायला हवं होतं. ते म्हणणं राहून गेलं ते गेलंच.

त्यानंतर तुम्ही दुसरंच खूळ घेतलंत. आधी मी जाईन म्हणून घाबरत होतात, आता मी जावं म्हणून मागे लागलात. आमच्या शाळेतले पाटणकर सर सूक्ष्मदर्शक घेऊन झिंगे बघायला दोनदा आले होते. विधुर माणूस, सभ्य, बोलायला कमी. तुम्ही त्यांना झिंग्यांचे पाय मोजून दाखवलेत, तेवढ्यात त्यांचं घरदार, आईवडील, सगळं काढून घेतलंत. मग सुरू झालात. "मास्तर बरो माणूस असा."

"असू दे."

"तुझा वय काय गो? पस्तीस. अख्खो जल्म ह्या खाऱ्या पाण्यात काढतलंस?"

"आणि तुमचं काय करू? लोणचं घालू?"

तुम्ही हसायचात, पण सोडायचा नाहीत. एका रविवारी मला न विचारता त्यांना जेवायला बोलावलंत. मी तोंडदेखलं वाढलं. ते गेल्यावर मी जे काय बोलले ते सगळ्या बिल्डिंगने ऐकलं असेल. तुम्ही खाली मान घालून ऐकलंत आणि चार दिवसांनी परत तेच.

शेवटच्या सकाळीही तेच. मे संपत आला होता. मला सुट्टी होती. तुम्ही चहा पिता पिता म्हणालात, "मी मेल्यार ह्या पिंपात जीव रमवत बसा नको. मास्तराक हो म्हण." मला रात्री नीट झोप झाली नव्हती, उकाडा होता, आणि मी म्हटलं, "हा पसारा मांडला कोणी? तुम्हीच ना? मांडायचा तुम्ही, माणसाला गुंतवायचं तुम्ही, आणि आता ऊठ म्हणायचं तेही तुम्हीच. एकदा काय ते ठरवा, आबा. सारखं माझं आयुष्य तुमच्या सोयीने हलवू नका."

तुम्ही कप बशीवर ठेवलात. पंचा खांद्यावर टाकलात, छत्री घेतलीत आणि गेलात. मी दाराकडे बघितलंही नाही.

साडेअकराच्या सुमाराला मिठागरावरचा गणपत आणि आणखी तिघे तुम्हाला हातगाडीवरून घेऊन आले. गणपत म्हणाला, "बाबा बांधावर बसले व्हते. मी हाक मारली, बोलले नाय. जवल गेलो तर छत्री तशीच उघडी." डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. तुमच्या पायाला गुडघ्यापर्यंत पांढरा चिखल होता. मी तो गरम पाण्याने धुतला. बाकी काही सुचत नव्हतं.

गणपतने जाताना तुमचा पंचा माझ्या हातात दिला. त्याला गाठ मारलेली होती. आत ओल्या कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी होतं. पाणी आटत आलं की झिंगे ती कडक अंडी घालतात आणि वारा ती एका कडेला लोटतो, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. पावसाने मिठागरं बुडायच्या आत तुम्ही दर वर्षी ती गोळा करायचात. ह्या वर्षीची एरवीच्या दुप्पट होती. म्हणजे मला पिंपं सोड म्हणून सांगून तुम्ही माझ्यासाठी वर्षाची बेगमी करायला गेला होतात. आबा, तुमच्याशी भांडायचं तरी कसं? ती अंडी मी धुतली, पंख्याखाली वाळवली, बरणीत भरली. फुटतात की नाही, अजून बघितलेलं नाही.

स्मशानात वसंत म्हणाला, मुलगा नाही तर पुतण्या म्हणून मी देतो अग्नी. गुरुजींनीही मान डोलावली. मी म्हटलं, "मी देणार." वसंत बिचारा म्हणाला, "वहिनी, आपल्यात बायका..." मी म्हटलं, "आपल्यात मुलगे तरी कुठे असे जातात?" मग गुरुजींनी मडकं माझ्यापुढे धरलं. ते खांद्यावर घेऊन मी फेरे घातले. पाटणकर सर मागे उभे होते, चपला काढून. ते पुढे आले नाहीत, सगळं झाल्यावर निघून गेले. तुमचा मास्तर बरा माणूस आहे, हे मला मान्य आहे. पुढचं मला माहीत नाही. तुम्ही आता तरी घाई करू नका.

तुमची एक गोष्ट मात्र मी मोडली, ती सांगितली पाहिजे. मोहनला मी कळवलं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र टाकलं. "आबा गेले. मिठागरावर गेले, त्रास झाला नाही. अग्नी मी दिला. इकडे येण्याची गरज नाही." तुम्ही चिडाल. पण ज्याला कळायला हवं त्याच्यापासून लपवलं की त्याचं काय होतं, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही आहे. आईचं तीन दिवसांनी कळलेलं तुम्ही आयुष्यभर मनात धरून होतात. त्याने माझं जे केलं ते केलं, मी त्याचं तसं करणार नाही. तिथे बसून रडेल किंवा नाही रडणार. ते त्याचं त्याने बघावं.

सोमवारी शाळा उघडली. नवीन मुलांच्या गोंगाटात दिवस कसाबसा जातो. घरी यायची वेळ झाली की मी स्टाफरूममध्ये उगाच रेंगाळते, कपाटातल्या परीक्षानळ्या परत मोजते. शिपाई दिवे घालवायला येतो तेव्हा उठते.

तुम्हाला सांगायचं राहिलं, मी घाटकोपरहून का परत आले ते. तुम्ही कधी विचारलं नाहीत. माशांसाठी आली, असं तुम्ही वसंतला सांगितल्याचं तो परवा म्हणाला. तसं नाही, आबा. माहेरी सगळे चांगलंच वागत होते. भाऊ, वहिनी, आई. पण मी शाळेतून, ऑफिस सुटायच्या गर्दीतून घरी पोचायचे तेव्हा कोणी स्वयंपाकात असे, कोणी टीव्हीपुढे. दार उघडंच असे. मी आत यायचे, चपला काढायचे, हातपाय धुवायचे आणि कोणाच्या लक्षातही येत नसे. त्यांचं काही चुकत नव्हतं, भरलेलं घर होतं. बाविसाव्या दिवशी मी अशीच आत आले आणि दारातच थांबले. मला हाक ऐकू यायची राहिली होती. मुलुंडला मी कुलपात किल्ली घातली की तुम्ही आतून, मागच्या दारातून, न्हाणीघरातून, जिथे असाल तिथून ओरडायचात, "इलंस गो?" रोज. भांडण असो, अबोला असो, त्यात खंड नव्हता. मी कधी उत्तर दिलं नाही, आत तर येतच होते. तेवढ्यासाठी मी परत आले.

काल संध्याकाळी कुलूप काढलं, आत आले, दार लावून घेतलं. पंप चालू होता. मी पिशवी खाली ठेवली. मग मोठ्याने, मागच्या दारापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हटलं,

"इलंय, आबा."